ओराझचा कंदील

संध्याकाळी मेंढ्या आत घेऊन मी कुंपणाचा दोर आवळत होते. थंडी अशी, की थुंकी खाली पडायच्या आत गोठावी. मागे माझा दीर बेकेन तेच दळण दळत होता.

"वहिनी, वर्ष होत आलं. दादाच्या नावाचं जेवण घालून टाका. लोक नावं ठेवतात."

"आधी प्रेत दाखव. मग जेवणाला घोडं काप."

गेल्या हिवाळ्यात माझा नवरा ओराझ पांगलेला घोड्यांचा कळप हुडकायला बर्फाच्या वादळात गेला. त्याची बसायची घोडी रिकामी परत आली. हा नाही.

तेवढ्यात पश्चिमेकडून ते अंतराळातलं स्टेशन वर आलं. साऱ्या चांदण्यांहून ठळक, न लुकलुकता, इतकं गुमान की माझाच श्वास मला मोठा वाटला. त्यात माणसं राहतात. परतताना ती आमच्याच माळावर छत्रीला लटकलेल्या डब्यातून उतरतात. त्यांना खुर्चीत बसवून नेताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. तिथून माणूस घरी येतो, आणि माझा या माळावरून येत नाही?

मान मोडेस्तोवर बघत राहिले. मग कंदील उचलला नि तीनदा झुलवला. चहा झाला, या, अशी ती खूण. ओराझला मी असंच बोलवायची.

"त्यांना दिसतोय होय तुमचा कंदील!" बेकेन हसला.

"न दिसायला ते काय तुझ्यासारखे आंधळे आहेत?"

ऐन माथ्यावर येऊन ते विझलं. पृथ्वीच्या सावलीत शिरतं म्हणे. कुत्री एकदम गप्प झाली.

आणि समोर, जिथं दहा कोसांत घर नाही, तिथं एक उजेड झुलला. एकदा... दोनदा... तीनदा.

बेकेनने माझी बाही धरली. "वहिनी... परत नका झुलवू..."

झुलवला. पुढच्या दोन्ही संध्याकाळी झुलवला. स्टेशन विझलं की तो उजेड उत्तर देतो, आणि दर वेळी अलीकडून. काल आमच्या विहिरीपाशी होता. खालच्या बर्फावर मात्र उजेड पडला नव्हता.

आज बेकेनने दाराला कडी घातली. मी काढली. चुलीवर चहा आहे, दोन वाट्या मांडल्यात. भ्यायचं कशाला? नवरा आहे माझा.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. ओराझचा कंदील घोडीच्या खोगिराला बांधलेला परत आला होता. मी झुलवते तो तोच. घरात दुसरा कधी नव्हताच.

मग काल विहिरीपाशी काय झुलत होतं?