भिवाची राहिलेली लढत

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या मामाने, राघोने, स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि मामा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

साल १९५४. मे महिना. कल्याण. भर दुपारी बाराची वेळ.

बॉक्सिंगच्या हॉलसमोरच्या हॉटेलात नेहमीचा वाद रंगलेला. भिवा आणि विठ्ठल, दोघं ऐन भरात समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं?

भिवा बाळकुमचा. मिठागरात राबून घडलेला गडी. अठ्ठेचाळीस साली एका लढतीत डोक्याला ठोसा बसला आणि आठव्या दिवशी गेला. कल्याणच्या संघातली त्याची जागा विठ्ठलला मिळाली. पुढे तोच चॅम्पियन झाला.

त्या लढतीत भिवाला पाणी द्यायला, तोंड पुसायला विठ्ठलच होता.

"टॉवेलाला तिखट लावलेलं," असं भिवाची बायको सगुणा सांगत फिरली. कोणी ऐकलं नाही.

राघोने तो टॉवेल हुंगलेला, तिखटाचा वास आलेला. तो गप्प बसला.

"तिसऱ्या फेरीत आडवा केला असता मी त्याला," विठ्ठल बशीत चहा ओतत म्हणाला. "दमच नव्हता रे त्याच्यात."

तेवढ्यात...

धप. धप-धप.

समोरच्या हॉलमध्ये वाळूच्या पिशवीवर कोणीतरी ठोसे मारत होतं.

हॉलला कुलूप होतं. किल्ली विठ्ठलच्या खिशात, हॉल आता तोच सांभाळायचा.

राघोने हातातला घास खाली ठेवला. एक उजवा, लागोपाठ दोन डावे. या ठेक्यात फक्त भिवा मारायचा.

"कोण घुसलंय, बघतोच," म्हणत विठ्ठल उठला. राघो मागोमाग.

कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं.

पिशवी मात्र हलत होती...

विठ्ठल चार पावलं आत गेला आणि दार राघोच्या तोंडावर बंद झालं.

आत घंटा वाजली.

राघोने खांदा लावून पाहिला. दार तसूभर हललं नाही. आत बूट घासत होते. ठोसे बसत होते. धाप मात्र एकाच माणसाची...

तीन मिनिटांनी घंटा. मग शांतता. मग दुसरी फेरी.

ती संपल्यावर विठ्ठलचा आवाज आला. अगदी बारीक.

"भिवा, तोंड नको पुसू. भिवा, हात जोडतो..."

'सोड त्याला' असं राघोच्या ओठांवर आलं. त्याने गिळलं. होऊ दे, असं वाटलं त्याला.

तिसऱ्या फेरीची घंटा झाली. फेरी संपल्याची झालीच नाही. दार नुसतं उघडलं.

विठ्ठल कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला. अंगावर ओरखडा नाही. डोळे सुजून मिटलेले. गळ्यात ओला टॉवेल, आणि तिखटाचा असा भपकारा की राघोला ठसका लागला.

डोळे गेले ते गेलेच. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

पुढे अकरा वर्षं तो कळव्याला भावाच्या ओट्यावर बसून असायचा. दोन्ही मुठी तोंडासमोर धरून. राघो दर रविवारी जायचा.

"राघो, कितवी फेरी रे?"

"तिसरी. संपली ती."

"घंटा कुठे झाली?"

विठ्ठल गेला, तेव्हाही मुठी उघडल्या नाहीत. तसाच नेला.

हे सांगताना मामा मध्येच थांबून, घंटा होते का म्हणून कान द्यायचा.

आता मीही थांबतो...