सवतीसाठी ठेवलेलं ताट

हसणारे खुशाल हसोत. पण ही घडलेली गोष्ट आहे, माझ्या सासूबाईंच्या थोरल्या काकूच्या, नीरदबालाच्या बाबतीत घडलेली. जागा कोलकात्यातलं माणिकतला. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

साहेबाचं राज्य होतं. तिचे यजमान शशिशेखरबाबू नामांकित वकील. आपल्या पोरांनी साहेबाच्या मेहेरबानीवाचून विज्ञान शिकावं, हा एकच ध्यास. त्यापायी घराचा बाहेरचा भाग आणि बाग त्यांनी नव्या कॉलेजला देऊन टाकली. मग दिवसभर मुक्काम तिथेच. नीरदबाला माशाचं कालवण पुन्हापुन्हा गरम करायची आणि मनातल्या मनात जळायची.

एकदा ती म्हणाली, "अहो, या घरात तुमची एक बायकोही राहते म्हणे."

"तिला सांग, मी दुसरी आणतोय," ते हसले. "कॉलेजला सवत समज तुझी."

थट्टाच ती. पण जिव्हारी लागली.

उद्घाटनाच्या दिवशी, पाहुणे यायच्या आधी, ती नव्या प्रयोगशाळेच्या दारात गेली. आमच्या बंगाल्यांत नवी सून दूध-आळत्याच्या, म्हणजे लाल रंग कालवलेल्या दुधाच्या ताटात पाय बुडवून घरात शिरते. नीरदबालानं तसंच ताट उंबऱ्याशी ठेवलं.

"मा, हे अभद्र आहे," मोलकरीण मोक्षदा कुजबुजली. "रिकाम्या दारात ताट ठेवू नये."

"रिकामं कसं? ह्यांनी लग्न लावलंय ना हिच्याशी." तिनं शंख फुंकला. "या बाईसाहेब. नांदायला या."

छपरावर घुमणारी कबुतरं एकदम गप्प झाली.

दोघी परत वळल्या. आणि पाठीमागे...

चुबुक.

ताटातलं दूध हिंदकळत होतं. उंबऱ्याच्या आत लाल पावलं उमटली होती. ओली. ती सरळ गेली होती... शशिशेखरबाबूंच्या खुर्चीपर्यंत.

परतीचं एकही पाऊल नव्हतं.

आत कोणीच नव्हतं.

मोक्षदानं फरशी पुसली. नीरदबालाला भीती नंतर वाटली. आधी तिला दिसलं ते इतकंच, की ती पावलं तिच्या पावलांपेक्षा नाजूक होती.

त्यानंतर दुपारी प्रयोगशाळेतून शंखाच्या बांगड्या किणकिणायच्या. सवाष्णीच्या हातातल्या. नीरदबाला खिडकीला कान लावून बसायची. यजमान घरी आले की आधी त्यांची शाल तपासायची.

एक दिवस खांद्यावर शेंदूर सापडला.

"हा कुणाच्या भांगातला?"

"अगं, पारा आणि गंधक. शेंदूर तरी दुसरं काय असतो? प्रयोगात लागला असेल."

"मग तो प्रयोग तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून करतात वाटतं."

ते हसले नाहीत. खांद्याकडे पाहत राहिले.

दुर्गापूजेच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप लागलं. शशिशेखरबाबू हवापालटासाठी मधुपूरला गेले. नीरदबाला खूश होती. आता ना त्यांना कॉलेज, ना कॉलेजला ते.

एका दुपारी ती मोक्षदाबरोबर अंगणात सुपाऱ्या कातरत बसली होती. बंद प्रयोगशाळेतून आवाज आला...

खट्.

मग पुन्हा... खट्.

दगडावर काहीतरी फुटत होतं. मोक्षदाच्या हातातला अडकित्ता गळून पडला. विधवेच्या बांगड्या फोडताना होतो तो आवाज बंगाली बाई कधी विसरत नाही.

नंतर सगळं शांत.

संध्याकाळी मधुपूरची तार आली. शशिशेखरबाबू दुपारी गेले होते. छातीत कळ आली, एवढंच लिहिलं होतं.

शेजारच्या बाया नीरदबालाच्या बांगड्या फोडायला जमल्या. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हात पुढे करून ती म्हणाली, "त्या मेलीला माझ्या आधी कळलं."

सुट्टी संपल्यावर कुलूप काढलं, तेव्हा त्या खुर्चीपाशी शंखाचे पांढरे तुकडे पडलेले होते. कुणाचे, ते शेवटपर्यंत समजलं नाही. नीरदबाला मात्र मरेपर्यंत एकच विचारत राहिली, की शेवटच्या क्षणी त्यांनी नाव कुणाचं घेतलं.

आमच्या घरात आजही सून प्रत्यक्ष दारात उभी राहिल्याशिवाय दूध-आळत्याचं ताट बाहेर आणत नाहीत. गेल्या वर्षी माझी सून आली. ती दारात येईपर्यंत ताट हातात धरून मी आतच थांबले होते, आणि ताटातलं दूध उगाचच हिंदकळत होतं.