पान बारावरची तक्रार

"अरे, इकडे या! काका घंटा उतरवतायत!" तेजस कुंपणावरून ओरडला.

क्रिकेटचा डाव तसाच टाकून ईश्वरी आणि शौनक धावले. मे महिन्याची सुट्टी होती. नेरूळला पामबीचचा रस्ता तेव्हा व्हायचा होता, खाडीचं वारं थेट शाळेच्या अंगणात यायचं. व्हरांड्यात शाळेचे शिपाई, शेजारच्या सारसोळे गावचे गोटीरामकाका, पितळी घंटा फडक्यात गुंडाळत होते.

"काका, घंटा कशाला काढताय?"

"विजेची लागनार हाय, बाय. नि मना जूनपासून येव नको सांगितलं." काकांनी फडक्याला उगाच आणखी एक गाठ मारली. "कुना पोरानं लिवून दिलंय, घंटा धा मिन्टं आधी वाजते म्हनून."

"खोटारडा कुठला!" ईश्वरी उसळली.

काका स्टुलावर डुलक्या काढतात, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. पण वेळ झाली की त्यांचा हात बरोब्बर घंटेकडे जायचा. नऊ वर्षांत घंटा एकदाही चुकली नव्हती!

"शोधून काढू या त्याला," शौनक म्हणाला.

वाचनालयात मराठीच्या अरुणाबाई पुस्तकं लावत होत्या.

"तक्रार? मी तर नाही पाहिली," त्या म्हणाल्या. "शाळा समितीचे सचिव कमळाकरराव आपलं हस्तलिखित मासिक वाचायला घेऊन गेले होते. आजच परत आलंय."

तेजसने हस्तलिखित उघडलं. बाराव्या पानावर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या! तो मोठ्याने वाचू लागला, "'घंटा रोज मुद्दाम दहा मिनिटं आधी वाजते. मी एकटाच वेळेवर येतो, बाकीची शाळा लवकर येते.' आणि बाजूला लिहिलंय, 'गंभीर! ताबडतोब कारवाई.' खाली नाव आहे... ईश्वरी, सातवी ब. सापडला खोटारडा!"

ईश्वरीचा चेहरा पडला. "अरे, ती माझी विनोदी गोष्ट आहे! त्यातला गजू रोज उशिरा येतो आणि खापर घंटेवर फोडतो. वर्ग पोट धरून हसला होता!"

"कमळाकररावांनी गजूचं बोलणं खरं धरलं," बाई म्हणाल्या. "उद्या दहाला समितीची बैठक आहे. तेव्हा समजावून सांगू."

"ते ऐकतात कुठे, बाई? आमच्याच सोसायटीत राहतात ना! मीटिंगला कायम उशिरा येतात आणि वर म्हणतात..." शौनकने अशी काही नक्कल केली की ईश्वरीने टाळीच वाजवली.

"बस, काम झालं!" ती म्हणाली. "मला फक्त एक वही द्या."

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी कमळाकरकाका घाम पुसत आले. ईश्वरी वही घेऊन उभीच होती.

"काका, सुट्टीच्या अभ्यासासाठी मुलाखत हवी होती. आज उशीर का झाला?"

"उशीर? आणि मला? मी आयुष्यात कधी उशिरा आलेलो नाही! वॉचमनने मुद्दाम गप्पांत गुंतवलं. रिक्षावाल्याने मुद्दाम रिक्षा हळू चालवली. आणि हे तुमचं भिंतीवरचं घड्याळ, तेही मुद्दाम पुढे करून ठेवलंय!"

ईश्वरीने शब्द न् शब्द लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. मग न थांबता पान बारा वाचलं. समितीतलं कुणीतरी फिसकन हसलं. अरुणाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

कमळाकरकाकांनी हळूच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तेही भिंतीवरच्या घड्याळाचीच वेळ दाखवत होतं.

"म्हणजे... हा गजू खोटं बोलतो?"

"खोटं नाही, काका. त्याला खरंच तसं दिसतं. गोष्ट तोच सांगतो, म्हणून शब्द सगळे त्याचे. आपण मात्र त्याच्या मागे उभं राहून घड्याळ बघायचं असतं!"

दारात उभ्या गोटीरामकाकांनी श्वास रोखला होता. मग कमळाकरकाकांनी खिशातून तीच लाल पेन्सिल काढली आणि शेऱ्यावर काट मारली.

"गोटीराम, घंटा टांगा परत! चूक माझी. शाबास, पोरांनो. डोळे उघडलेत माझे!"

तेजसने 'हुर्रे' केलं. अरुणाबाईंनी ईश्वरीच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. फडक्याच्या दोन्ही गाठी सुटल्या आणि घंटा वर चढली.

"बाय," गोटीरामकाका हसत म्हणाले, "आता यक गोष्ट माज्या तोंडून लिव."

"काय लिहू, काका?"

"लिव, गोटीरामाला स्टुलावर कदीच डुलकी लागत नाय!"

आणि सगळ्यांत आधी खदखदून हसले ते कमळाकरकाका!