बदललेलं शेवटचं पान

“युअर नेम, प्लीज?”

एवढंच विचारलं होतं मी. पण समोरच्या माणसाचा हात असा काही उडाला, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थेट माझ्या मांडीवर पालथा झाला.

आम्ही दोघंही ताडकन उभे. तो काहीतरी पुटपुटला... ते इंग्रजी नव्हतं, मराठीही नव्हतं. नुसती वाफ होती. मी ओढणीनं कागद टिपले आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हटलं, “रिलॅक्स. व्हॉट डू यू डू?”

खरं तर त्या दिवशी मी तिथे नसायचेच. इंग्रजी संभाषणाची चाचणी घेणारी मैत्रीण तापानं फणफणली, म्हणून तिच्या खुर्चीत मी. मी पीएचडी करत होते. विषय होता, अनुवादाचा आधार घेऊन इंग्रजी शिकवता येतं का. भाषा प्रयोगशाळेच्या त्या खोलीत खरखरत्या आवाजाचे हेडफोन आणि मी, अशी आमची रोजचीच सोबत.

“आय... बुक,” तो म्हणाला. कपाळावर घाम. “आय... डू.”

आणि मग शब्दांचा नाद सोडून त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांवर बोट टेकवलं. ‘अनुवाद’ या शब्दाच्या पुढे त्याचं नाव होतं.

मी ते नाव दोनदा वाचलं.

त्या पुस्तकाची माझी प्रत इतकी वाचून झाली होती, की तिची पानं दोऱ्यानं शिवून घ्यावी लागली होती. एका बेटावर मासेमारीची जाळी विणणारी बाई, तिचं घर सोडून जाणं, आणि शेवटी धुक्यातून परत येणारी बोट... माझ्या प्रबंधाचं अर्धं काम त्याच पुस्तकावर होतं. आणि अनुवादक म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या केसांचे, जाड भिंगांचे कोणी आजोबा होते! हा तर माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठा. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात.

“हे... तुम्ही?” मी चाचणी विसरून मराठीत ओरडलेच.

“हो,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज जमिनीवर आला. “पण बोलायला सांगू नका. मी इंग्रजी फक्त डोळ्यांनी शिकलोय. कानांनी नाही.”

तो एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. तिथे त्याला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. परदेशातली एक संस्था काही अनुवादकांना राहायला, काम करायला बोलावणार होती. त्यात त्याचं नाव पुढे गेलं होतं. मुलाखत इंग्रजीत. म्हणून स्वतःला आधी तपासून घ्यायला आला होता बिचारा.

मी त्याला नापास केलं. दुसरा इलाजच नव्हता. पण दाराबाहेर गाठून म्हटलं, “रोज दुपारी येत जा. मी शिकवते.”

“फी?”

“माझ्या संशोधनात तुम्ही उंदीर.”

“चिरफाड करणार नसाल तर येतो,” तो म्हणाला. गालातल्या गालात हसला. आणि मला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली...

*

दुपारच्या त्या तासांत मला रोज नवा धक्का बसायचा. लांबच लांब गुंतागुंतीची वाक्यं त्याला झटकन कळायची, आणि ‘हाऊ आर यू’ला उत्तर देताना जीभ टाळ्याला चिकटायची. आणि उच्चार? काही विचारू नका.

“हे काय वाचलंत? इसलँड?”

“लिहिलंय ना तसं.”

“अहो, आयलंड! ‘एस’चा उच्चार होत नाही.”

“मुद्रितशोधक आहे मी,” तो शांतपणे म्हणाला. “छापलेलं अक्षर गाळायची सवय नाही.”

मी इतकी हसले, की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर टकटक केली. त्यानं त्या टकटकीकडे लक्षच दिलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

“एक शंका आहे, मॅडम. ‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?”

“दोन्ही.”

“मग माणूस किती जवळ आलाय, ते इंग्रजीत कळायचं कसं?”

माझ्या हातातली हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली गेली होती. ती सोडवायला मला बराच वेळ लागला — म्हणजे, मी लावला.

घरी आईनं विचारलंच, “हल्ली दुपारी फोन उचलत नाहीस. कोण आहे?”

“संशोधन आहे, आई.”

“अगंबाई! बोलतं का संशोधन?”

“तेच शिकवतेय.”

*

मग ते पार्सल आलं.

मूळ कादंबरी आपल्याकडे मिळतच नव्हती. पाठ्यपुस्तकात घेतलेली सुरुवातीची काही प्रकरणं, तेवढ्यावरच आजवर माझी तुलना चालली होती. माझ्या मार्गदर्शक बाईंनी परदेशातल्या बहिणीकरवी अख्खं पुस्तक मागवलं आणि सकाळी माझ्या हातात दिलं. मी अधाशासारखं शेवटचं पान उघडलं.

बोट धुक्यातून येते. काठावरचे लोक धावतात. आणि बोट... रिकामी असते.

मी पुन्हा वाचलं. पान उलटलं. पुढे काहीच नव्हतं, कोरा कागद. मराठीत त्या बोटीतून ती बाई उतरते. ओल्या पदरानं तोंड पुसते आणि म्हणते, ‘चूल पेटली का?’ माझे बाबा गेले त्या वर्षी ते पान मी तोंडपाठ केलं होतं. गेलेलं माणूस येत नाही, एवढं कळायचं वय होतं माझं. तरी ते पान म्हटलं की झोप लागायची.

आणि ते पान मूळ पुस्तकात नव्हतंच!

बाईंना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. “अगं, कमाल आहे! इतकी वर्षं कोणाच्या लक्षात नाही? हे आधी छापून टाक. खळबळ उडेल.”

“त्यांची मुलाखत आहे, बाई. त्यानंतर देते.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मुलाखत त्यांची. तू का पांढरी पडलीस?”

दुपारी तो आला तेव्हा दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडी होती. तो दारातच थबकला. मला वाटलं, चिडेल, सारवासारव करेल. तो चक्क हसला... सुटल्यासारखा.

“सापडलं,” तो म्हणाला.

“तुम्ही शेवट बदललात!”

“हो.”

“हो काय, हो? का?”

तो बसला. मराठी पुस्तक स्वतःकडे ओढलं. मग म्हणाला, “आई अंथरुणाला खिळली होती. जेवढं भाषांतर व्हायचं तेवढं रोज तिला वाचून दाखवायचो. शेवटाजवळ आलो तेव्हा तिनं विचारलं, ‘ती परत येते ना रे?’ मी म्हटलं, ‘येते.’ मग तसं लिहावं लागलं. आई गेली, आणि प्रकाशकाचा माणूस बाड घेऊन गेला. नंतर खरं पान लिहायला हातच धजला नाही.” त्यानं मान वर केली. “तुम्ही हे छापा. खरंच. कधीतरी कोणीतरी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवेल, याचीच वाट बघत होतो. इतकं बारकाईनं मला कोणी वाचलंच नाही, मॅडम.”

दुसरी कोणी असती तर तिथेच विरघळली असती. माझं मात्र डोकं फिरलं.

“तुमच्या आईला दिलंत, ठीक आहे. पण मलाही दिलंत ना? माझे बाबा गेले तेव्हा मी त्या बोटीवर विश्वास ठेवला होता! तुमचं ते एक पान धरून उभी राहिले मी. आणि ते खोटं?”

आता पांढरं पडायची पाळी त्याची होती. वाचणाऱ्याचं असं काही झालं असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसावं. तो खुर्चीतून अर्धवट उठला.

मी पुस्तकं उचलली आणि निघून आले.

*

पुढचे दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. रागाचं एक बरं असतं, तो असेपर्यंत दुसरं काही कबूल करावं लागत नाही. पण राग उतरायला लागला... आणि खाली जे उरलं ते बघून मी हबकले. दुपार झाली की माझे कान दाराकडे लागायचे.

मुलाखतीच्या सकाळी त्याचा निरोप आला. ‘प्रयोगशाळेतूनच बोलणार आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल.’ मी नाही आले तर न चालणाऱ्या माणसाचं वाक्य होतं ते. मी गेले.

संगणकाच्या पडद्यावर तीन चेहरे होते. मधे रुपेरी केसांची एक बाई. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभी राहिले. नाव, गाव, काम... तो अडखळत का होईना, बोलत होता! माझ्या मुठी आवळलेल्या.

मग त्या बाईनं विचारलं, “तुमच्या अनुवादात कधी चूक झालीय?”

‘नाही म्हण,’ मी मनात ओरडले. ‘छोटीशी काहीतरी सांग आणि पुढे हो!’

त्याच्या इंग्रजीचं जसंच्या तसं मराठी केलं तर ते असं होतं. “चूक नाही. खोटं. मी शेवटचं पान बदललं. माझी आई मरत होती. तिला बोट भरलेली पाहिजे होती.”

रुपेरी केसांच्या बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं!

“हे... कोणाला माहीत आहे?”

“माझ्या शिक्षिकेला. तिनं शोधलं. ती रागावली. मी आनंदी झालो.”

“आनंदी? का?”

“तिनं मला वाचलं.” तो थांबला. शब्द शोधत होता. “मराठीत मला गोल गोल बोलता येतं. इंग्रजीत तेवढे शब्द नाहीत. म्हणून सरळ सांगतो. मला तुमच्याकडे यायचं आहे. पण त्याआधी मला तिच्याशी लग्न करायचं आहे. तिला अजून माहीत नाही.”

माझ्या पाठीमागची भिंत हलली की मी हलले, देव जाणे. मुलाखतीत! परक्या माणसांपुढे!

रुपेरी केसांची बाई पुढे वाकली. “ती कुठे आहे?”

त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. कान लालबुंद, नजर मात्र स्थिर. “तिथे.”

माणसं बोलताना गप्प का होतात, यावर मी कितीतरी पानं लिहिली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. मी कशीबशी एक खुर्ची ओढली, ती त्याच्या खुर्चीला लावली आणि बसले. आता पडद्याच्या कोपऱ्यात मीही दिसत होते, भूत बघितल्यासारखी.

“मग?” बाईनं मला विचारलं. “तुमचं काय म्हणणं आहे?”

इंग्रजी शिकवणारी मी, एकही इंग्रजी शब्द आठवेना! शेवटी मराठीच आलं तोंडातून. “हो. पण नव्या आवृत्तीत ते पान खरं लिहायचं. आणि आईचं पानही ठेवायचं, मागे, वेगळं. कोणासाठी लिहिलं ते सांगून.”

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. अनुवादासाठी.

“शी सेज येस,” तो म्हणाला.

“इतक्या लांब बोलण्याचा एवढाच अर्थ?” बाईनं विचारलं.

माझी वाचा परत आली. “नाही!” मी इंग्रजीत म्हटलं. “यानं अर्धं गाळलंय!” आणि राहिलेलं मी सांगितलं. रुपेरी केसांची बाई आधी हसली, मग तिनं चष्मा काढून डोळे पुसले. मागचं ते पान आपल्यालाही वाचायला आवडेल, म्हणाली. काय ते नंतर कळवू, म्हणाली. पडदा काळा झाला.

दोघंही समोर बघत बसलेलो. बाहेर कोणीतरी जिन्यावरून धावत गेलं.

“नवऱ्यानं असं बोलणं गाळलेलं मला चालणार नाही,” मी म्हटलं.

“मुद्दाम नाही गाळलं,” तो म्हणाला. त्याचा हात टेबलावरून माझ्या हातापर्यंत आला आणि तिथेच थांबला. “तुम्ही ‘हो’ म्हणालात ना... त्याच्या पुढचं मला ऐकूच आलं नाही.”