जोडीची बाटली

सकाळी नऊला प्रयोगशाळेत आलं की ती गरम पाण्याच्या टाकीतल्या बाटल्या काढून एकेक उलटी करून पाहायची. आतलं जेल ओघळलं नाही, म्हणजे नीट जमलं. यंत्रं ढीगभर होती, पण तिचा भरवसा या उलट्या बाटलीवर.

टोचताना हे जेल पाण्यासारखं पातळ असे. अंगाची ऊब लागली की त्याचे धागे आपले आपण एकमेकांत गुंतत आणि त्यात अडकवलेलं औषध तीन आठवडे झिरपत राही. ताईच्या मानेतल्या गाठीत तेच टोचलं होतं. "तुझी खळ घातलीय गं अंगात, आता मी कडक इस्त्रीची," ताई हसून म्हणाली होती. आई गेल्यापासून ताईच तिची आई होती.

प्रत्येक रोग्याला टोचलेल्या जेलमधलंच थोडं एका जोडीच्या बाटलीत भरून इथे टाकीत, अंगाइतक्या उबेत ठेवत. जेलवर ओतलेलं पाणी रोज काढून ठेवत आणि सुटलेलं औषध दहाव्या दिवशी एकदम मोजत.

ताईच्या बाटलीतल्या पाण्यात औषध शून्य निघालं.

तुलनेसाठी बिनऔषधाचं जेलही तिनंच बनवलं होतं. दोन्ही दिसायला सारखी, आणि चिठ्ठ्या सगळ्यात शेवटी लावायची तिची जुनी खोड. ताईचं जेल बनवलं त्या दिवशी चिठ्ठ्या लावताना ती फोनवर ताईशीच गप्पा मारत होती. म्हणजे ताईला बिनऔषधाचंच टोचलं गेलं होतं.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. तिनं तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "गाठ निम्म्यावर आलीय. काय घातलंत काय त्यात?"

तिला खरं सांगवेना.

परत येऊन तिनं ताईची बाटली उजेडात धरली. स्वच्छ जेलच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी जमलं होतं.

आठवड्याभरात ताईची गाठ हाताला लागेनाशी झाली. बाटलीतली वाटाण्याएवढी झाली.

एकविसाव्या दिवशी बाटल्या टाकून द्यायचा नियम होता. तिनं ताईची बाटली टाकीतून काढली, तोच फोन वाजला.

"अगं, काही म्हणजे काही उरलं नाही म्हणाले डॉक्टर!" ताईला धाप लागली होती. "थांब, जिना चढतेय."

बाटलीतला लालसर गोळा नाडीसारखा भराभर उडत होता.

"हुश्श. टेकले बाई."

उडणं हळूहळू संथ झालं.

"ए, एकाएकी हुडहुडी भरली गं मला. दात वाजायला लागले."

तिनं बाटली घाईघाईनं टाकीत ठेवली.

"गेली बघ," ताई म्हणाली. "काय गंमत आहे!"

तिनं मान वर केली. इमारतीच्या व्यवस्थापकानं दारावर नुकताच एक कागद चिकटवला होता. दुरुस्तीसाठी उद्या सकाळी दहा ते चार वीज बंद राहील.