काळवंडलेली चटणी

तुळसाबाई झाकलेली वाटी घेऊन दौलतरावांच्या दारात उभी राहिली आणि जानरावांना तिच्याकडे पाहवेना. काल सकाळपर्यंत तिच्या कपाळाला कुंकू होतं.

दौलतराव रेल्वे पोलिसातून निवृत्त होऊन खासगी तपास करत. जानराव दुर्ग लाइनवरचे जुने गार्ड. ते मित्राबरोबर फिरत आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

"माह्या हातची चटणी खाऊन माहा माणूस मेला म्हणतात, दादा. संध्याकाळी मले जेलात नेतीन. उरलेली हे पाहा. मी बी हेच खाल्ली."

वाटीतली चटणी पांढरी आणि लोण्यासारखी मऊ होती.

"कशी केली?" दौलतरावांनी विचारलं.

"भिजवलेल्या वालाचं साल काढलं, उकडले. लसूण, मिरची, लिंबू घालून पाट्यावर वाटले, वरून जवसाचं तेल. वाल भिजले असले का घटकेत होते. आदल्या रात्री माहा भाऊ पुंडलिक जेवाले आला होता. वाल पाहून म्हणे, ताई, उद्या चटणी का?"

"तुहा माणूस, गुलाबराव, कोणाले भीत होता?"

"यायच्या कामावर परांची कोसळून मजूर मेला ना, त्याची चौकशी आहे. चूक कोणाची ते यायनं पाहिलं होतं. म्हणत, सांगितलं तर घर मोडते, नाही सांगितलं तर मेलेल्या माणसाचं काय?"

दोघांनी ठाण्यात जाऊन गुलाबरावाचा जेवणाचा डबा पाहिला. आतली चटणी करडी-काळी होती, तीत सालपटं आणि धोतऱ्याच्या बियांचा चुरा दिसत होता.

"विषानं काळी पडली," जानराव म्हणाले. दौलतराव सालपटं निरखत होते.

गुलाबराव कामाला होता त्या पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या बांधकामावर मजुरांचे डबे हिरालालच्या चहाच्या टपरीत फळीवर ठेवले जात. चहात पाणी फार घालतो म्हणून गुलाबरावानं त्याला चारचौघांत झापलं होतं. टपरीत भज्यांच्या चटणीसाठी भलाथोरला दगडी पाटा होता.

"फळीवरून कोणी बी डबा उचलते, बाबूजी. मी चहा पाहू का डबे?"

हाच तो, असं जानरावांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

खुर्सीपार वस्तीत पुंडलिकची पत्र्याची खोली होती. तो गुलाबरावाच्याच टोळीत परांचीचे बोल्ट आवळायचा. आत्ता तो लोखंडी कढईत बोल्टच्या डोक्यानं मिरच्या ठेचत होता. डोळे लाल झाले होते.

"पाटा नाही?" दौलतरावांनी विचारलं.

"एकट्या माणसाले पाटा कायले? सारं याच्यातच ठेचतो."

संध्याकाळी ठाण्यात सगळे जमले. दौलतरावांनी वाटी आणि डबा शेजारी ठेवले.

"बाईच्या चटणीत विष कालवलंच नाही. डब्यातली चटणीच दुसरी आहे. फळीजवळ उभं राहून धोतऱ्याच्या बिया वाटता येत नाहीत, म्हणून ती घरून तयार करून आणली आणि घाईत बदलली. काल डब्यात चटणी असणार हे आदल्या रात्रीच ज्याले कळलं, त्याचं हे काम. हिरालालले ते कळालं कुठून?"

"पण काळी कावून झाली?" जानरावांनी विचारलं.

"सालीसकट वाल, लिंबू आणि लोखंड एकत्र आलं का काळं पडते. बाईचा पाटा दगडी, हिरालालचा बी दगडीच. लोखंडात ठेचणारा एकच आहे. आणि गुलाबराव म्हणाला, घर मोडते. टपरीवाल्याचं नाव घेतल्यानं त्याचं घर मोडत नव्हतं."

जानरावांनी पुंडलिककडे पाहिलं. तो खाली बसला होता.

"बोल्ट मीच ढिला सोडला," तो म्हणाला. "भाऊजी सांगणारच होते. ताईले सोडतीन असं वाटलं मले."

ठाणेदारानं त्याला उठवलं. तुळसाबाई सुटली होती, पण जागची हलली नाही. डब्यातल्या काळ्या चटणीकडे ती बघत राहिली.

"इथं एकटा आला तेव्हा मीच शिकवली होती त्याले," ती म्हणाली. "साल काढाले लई कंटाळा करे."

जानरावांनी वाटीवर झाकण ठेवलं.