तांड्यावरचा खोटा पाऊस

"आजी, तुमचं लग्न झालं तेव्हा वय काय होतं?"

दारव्ह्याच्या एसटीत शेजारच्या तरुणाचं कोपर लागलं, पिशवीतला टेपरेकॉर्डर सुरू झाला आणि मितालीनं घरी तालमीसाठी टेप केलेला प्रश्न गाडीभर घुमला.

"झालंच नाही अजून," तो गंभीरपणे म्हणाला. "अन् आजी कायले म्हनता?"

गाडी खदखदून हसली. मितालीला खिडकीतून उडी टाकावीशी वाटली... पण हसू आधी फुटलं.

तो हिरासिंग. बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा, आश्रमशाळेत मास्तर. ती यवतमाळात इतिहासात एम.ए. करणारी. लघुप्रबंधाशिवाय पदवी नाही, आणि तिच्या लघुप्रबंधाला कापूस वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती हव्या होत्या, मराठी अनुवादासकट. विषय हौसेनं घेतला खरा. बंजाऱ्यांच्या गोरबोलीचा एक शब्द येत असेल तर शपथ!

"माह्यी आत्या बोलंल," तो म्हणाला. "मी मराठीत सांगीन. फक्त मरनाचं इचारू नका. पेपरवाले तेच इचारतात. कापूस बुडून शेतकरी जीव द्यायले लागल्यापासून आमच्याकडं दुसरं काही घडलंच नाही जसं."

"मी विचारीन, वेचणी करताना तुम्ही हसायच्या कशाला."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

तांड्यावर त्याच्या आत्या, लालीबाई, भरभरून बोलल्या. मध्येच मितालीला न्याहाळून काहीतरी म्हणाल्या आणि बांगड्या वाजवत हसल्या. हिरासिंग कानापर्यंत लाल! तोही हळूच काही पुटपुटला.

"काय म्हणाल्या?"

"त्या... त्या साली पाऊस चांगला झाल्ता म्हन्ते."

"इतकं हसून?"

"पाऊसच तसा होता..."

अनुवाद दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या, असं मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. म्हणून यवतमाळला परतल्यावर मितालीनं ती टेप शेजारच्या धनीबाईंना ऐकवली. धनीबाई जिल्हा परिषदेत नोकरीला होत्या, पण जन्म तांड्यावरचा. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"पोरी, यात पावसाचा थेंब नाही! ती म्हन्ते, एवढ्या मायेनं इचारून राह्यली, हिले घरीच आन ना. अन् तो म्हन्ते — हळू बोल आत्या, माह्या मनात तेच हाय, पन शहरातली हाय, घाबरून पळंल."

प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. मिताली धनीबाईंना घेऊन सरळ आश्रमशाळेत धडकली.

"तुमच्या पावसात माझं अख्खं प्रकरण वाहून गेलं! परीक्षकांनी पकडलं असतं तर पदवी गेली असती."

हिरासिंगनं मान खाली घातली. "चुकलंच. बाकी सारं खरं सांगतलं. तेवढंच... तोंडातून निघालं नाही."

"इतिहासात सोयीचं खोटं चालत नाही."

"अन् तुमच्या घरी तांड्यावरचं खरं चालते?"

बाबांचा चेहरा, आईचं देवघर, मावशीचे प्रश्न... सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. फाटकाबाहेर कापसाची एक गाडी मंडीकडे चालली होती, निम्मी रिकामीच.

"आत्याची मुलाखत पुन्हा घेतेय. धनीबाई सांगतील मराठीत. तू बाहेर बसायचं."

तिनं 'तू' म्हटलं, हे दोघांच्याही उशिरा ध्यानात आलं.

"अन्... आत्यानं परत तेच म्हटलं तर?"

मिताली दोन पावलं चालून थांबली.

"माझ्या घरच्यांना वेळ लागेल, असं सांगीन. मला नाही लागला."